अकरा महिने की तेरा?

या वेळच्या सदरात विषय एकच आहे, आरोग्य कार्यकर्त्यांच्या हातात आलेला फोन. निदानाला आणि उपचाराला तो खरंच उपयोगी पडतो की नुसता डोक्याला ताप, असं विचारणारी पत्रं बरेच दिवस साठत होती. उत्तरं देणारी मी डॉक्टर नाही, नर्स आहे. बत्तीस वर्षं नोकरी झाली, आणि शेवटची काही वर्षं नव्या मुलामुलींना टॅब्लेटवर तपासणी शिकवण्यात गेली. त्यामुळे या विषयावर माझी मतं आहेत, आणि चटकेही बसलेले आहेत.

प्रश्न : ताई, आठ महिन्यांपासून आम्ही आजारी मुलांची तपासणी अ‍ॅपवर करतो. सगळं भरलं की शेवटी हिरवा, पिवळा किंवा गुलाबी रंग येतो. परवा एका बाळाला हिरवा रंग आला, पण मला ते बाळ बरं वाटेना. मी त्याला पुढे पाठवलं, तर डॉक्टरांनी विचारलं, ‘अ‍ॅपनं सांगितलं नव्हतं, मग का पाठवलंत?’ मी ऐकायचं तरी कुणाचं?
– एक आरोग्यसेविका

उत्तर : पाठवलंत ते बरोबर केलंत. हे आधी सांगते, बाकीचं मग.

ते तीन रंग काही फोनवाल्यांनी शोधलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकात आजारी मुलांच्या तपासणीची एक पद्धत बसवली, तिच्या तक्त्यांची पुस्तिका असते. गुलाबी म्हणजे ताबडतोब पुढे पाठवा, पिवळा म्हणजे इथेच औषध द्या, हिरवा म्हणजे घरी काळजी. आमच्या वेळी ती पुस्तिका पिशवीत असायची आणि खरं सांगायचं तर पिशवीतच राहायची. रांगेत चाळीस मुलं रडत असताना पानं कोण उलटत बसणार? अ‍ॅपनं तेच तक्ते प्रश्नांच्या ओळीत लावले. बाळ काही पिऊ शकतंय का, सगळं ओकून टाकतंय का, झटके आले का, ग्लानीत आहे का, हे सकाळच्या पहिल्या मुलाबद्दल जसं विचारलं जातं तसंच दुपारच्या एकतिसाव्या मुलाबद्दलही विचारलं जातं. एकतिसाव्याच्या वेळी झटक्यांचं विचारायला मी हमखास विसरायचे. फोन विसरत नाही, आणि एवढ्या एका गुणासाठी मी त्याला सगळे गुन्हे माफ करायला तयार आहे.

पण बाळाकडे तो बघत नाही. तुम्ही भराल तेवढंच त्याला कळतं. माझीच एक चूक सांगते.

खोकल्याचं बाळ होतं. आईला वय विचारलं. ती म्हणाली, ‘वर्षाचं होत आलं असेल.’ मी ११ महिने टाकलं. टायमर लावला, झबलं वर केलं. बाळ आईच्या मांडीवर पेंगत होतं, रडत नव्हतं, दूध पीत नव्हतं, म्हणजे श्वास मोजायला हवं तसं अगदी शांत. पोट वर आलं की एक, वर आलं की दोन. मिनिट भरलं तेव्हा ४६ झाले होते. रंग हिरवा आला. सर्दी-खोकला, घरी काळजी. तसं सांगून मी पुढच्या घरी गेले. संध्याकाळी नोंदी चाळताना लसीकरणाच्या कार्डाचा काढलेला फोटो सहज मोठा करून पाहिला. जन्मतारखेवरून बाळ तेरा महिन्यांचं निघालं.

दोन महिन्यांनी असा काय फरक पडतो? दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर ते जलद धरतात. वर्ष पूर्ण झालं की पाच वर्षांपर्यंत ती रेघ ४० वर येते. (दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला ६०, आणि ते भरले तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची.) म्हणजे माझे ४६ अकरा महिन्यांच्या बाळाला खपून गेले, पण तेरा महिन्यांच्या बाळाला तोच न्यूमोनिया होता. फोननं हिशोब चोख केला होता, आकडा मी खोटा दिला होता. अंधार पडायच्या आत परत गेले, पुन्हा मोजले, ४८ भरले. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) सुरू केलं, तिसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. बाळ खेळत होतं. माझी मात्र दोन रात्री झोप उडाली होती. तेव्हापासून मी ‘वय किती’ असं विचारतच नाही. ‘कार्ड दाखवा’ म्हणते.

आणखी एक. शिकवताना हटकून कुणीतरी पंधरा सेकंद मोजून चारानं गुणतो. तान्ह्या बाळाचा श्वास घड्याळासारखा नसतो. चार-सहा भराभर घेतं, मग जरा थांबतं. त्या भराभरीत तुमचे पंधरा सेकंद सापडले तर उगाच औषध, थांब्यात सापडले तर उगाच धीर. पूर्ण मिनिट मोजा. बाळ मध्येच रडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. अ‍ॅपपेक्षा जास्त घाबरायची तुम्हाला मुभा आहे, कमी घाबरायची नाही. अ‍ॅप गुलाबी म्हणालं आणि तुम्हाला बाळ ठीक वाटलं, तरी पाठवायचं. अ‍ॅप हिरवं म्हणालं आणि तुमचं मन खातंय, तरी पाठवायचं. फक्त चिठ्ठीत ‘बरं वाटत नव्हतं’ असं लिहू नका. काय दिसलं ते लिहा. ‘हाक मारल्यावर नजर देत नव्हतं’, ‘आईनं छातीशी घेतलं तरी तोंड लावलं नाही’. असं लिहून पाठवलंत तर डॉक्टरांना ‘का पाठवलं’ हे विचारायला जागाच उरत नाही.

आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये नियम कोणत्या सालचे आहेत, हे एकदा वरिष्ठांना विचारा. नियम बदलतात. छाती आत ओढली जात असेल तर तो गंभीर न्यूमोनिया, लगेच पुढे पाठवा, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते बदललं. धोक्याचं दुसरं लक्षण नसेल तर अशा मुलाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देऊन घरी उपचार करता येतात, असं ठरलं. पुस्तिका जुनी झाली तर पिवळी पडते, डोळ्यांना दिसते. अ‍ॅप जुनं झालं तरी नव्यासारखंच चकचकीत दिसतं.

प्रश्न : बोटाला लावायची ऑक्सिजनची क्लिप आमच्या टॅबला जोडलेली आहे. लहान मुलांना लावली की आकडा नाचत राहतो, ८८, ९५, ९१. कोणता धरायचा?
– आरोग्य कार्यकर्ता

उत्तर : नाचतोय तोवर एकही धरू नका. पडद्यावर नाडीची लाट दिसत असेल तर ती एकसारखी होईपर्यंत थांबा, आणि क्लिपचे नाडीचे ठोके तुम्ही हातानं मोजलेल्या ठोक्यांशी जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर तो आकडा बाळाच्या हालचालीचा आहे, रक्ताचा नाही. पाय गार असेल तर आधी हातात धरून ऊब द्या. मोठ्या माणसांची क्लिप तान्ह्याच्या बोटाला लावू नका, लहान मुलांसाठी वेगळी येते, ती पावलाला किंवा अंगठ्याला नीट बसते. मोठ्या बायकांच्या नखांवर रंग असेल तर दुसरं बोट घ्या. स्थिर आकडा ९० च्या खाली असेल तर बाळ पुढे जायलाच हवं.

९० च्या वर आहे म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. ही क्लिप कातडीतून उजेड पाठवून मोजते आणि सावळ्या-काळ्या कातडीवर ती कधीकधी आकडा चढवून सांगते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्लिपवर ९२ ते ९६ दाखवणाऱ्या रुग्णांचं धमनीतलं रक्त तपासलं, तेव्हा कृष्णवर्णीयांपैकी ११.७ टक्के जणांमध्ये ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्याही खाली होता. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण ३.६ टक्के होतं. म्हणून क्लिप ९३ म्हणतेय आणि बाळ कण्हतंय, तर कण्हण्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : घरी येणारी कार्यकर्ती माझ्या आजारी आईकडे कमी आणि फोनकडे जास्त बघते. आई म्हणते, ‘ती मला तपासायला येते की फोन भरायला?’ मागच्या वेळी तिनं आईच्या पायाच्या जखमेचा फोटोही काढला. तो कुठे जातो?
– एक मुलगी

उत्तर : तुमच्या आईंनी माझ्या प्रशिक्षणाचा पहिला धडा एका वाक्यात सांगितला. माझ्या वर्गात पहिली पाच मिनिटं फोन पालथा ठेवायचा असतो. नमस्कार, कशा आहात, काल जेवण गेलं का, रात्री झोप लागली का. मग फोन उघडायचा, आणि उघडताना ‘आता मी हे लिहून घेते हं’ असं म्हणायचं. तुमच्याकडे येणारीला हे कुणी शिकवलं नसेल तर तुम्ही सांगा. राग येणार नाही तिला, बहुतेक वेळा त्या बिचारीला रात्रीच्या आत अमुक इतके फॉर्म भरायचे असतात.

जखमेच्या फोटोत वाईट काही नाही. आठवड्यापूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की जखम भरतेय की पसरतेय हे दुरून बघणाऱ्या डॉक्टरांनाही कळतं. मात्र चेहरा त्यात नको, मापासाठी शेजारी पट्टी हवी, उजेड खिडकीचा हवा, फ्लॅशचा नको, कारण फ्लॅशमध्ये ओली जखम पांढरी चमकते आणि लालसरपणा हरवतो. आणि आधी विचारायला हवं. फोटो अ‍ॅपमधूनच काढलेला असावा, फोनच्या गॅलरीत तिच्या मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये पडून राहता कामा नये. पुढच्या वेळी सरळ म्हणा, ‘गॅलरी दाखव.’ तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : मी चाळीस वर्षं प्रॅक्टिस करतो आहे. फोन बघून औषध देणारी पिढी विचार करणं विसरेल आणि ताप दिसला की प्रतिजैविक वाटत सुटेल, अशी मला भीती वाटते.
– एक डॉक्टर

उत्तर : डॉक्टरसाहेब, तुमच्या पहिल्या भीतीत तथ्य आहे. दुसरीचं उलट घडलेलं दिसतं.

टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये तापाच्या पाच वर्षांखालच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन हजारांहून अधिक मुलं होती. एका गटाची तपासणी साध्या अ‍ॅपनं झाली, दुसऱ्या गटाची अशा अ‍ॅपनं, जे सोबत काही झटपट चाचण्यांचे निकालही मागत होतं, म्हणजे ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, रक्तातलं सीआरपी (शरीरात मोठा जंतुसंसर्ग असला की वाढणारं एक प्रथिन). साध्या अ‍ॅपच्या गटात प्रतिजैविक २९.७ टक्के मुलांना मिळालं, चाचण्यांच्या गटात ११.५ टक्के. आणि नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे कुठलंही अ‍ॅप न वापरता तपासलेल्या मुलांपैकी ९४.९ टक्के मुलांना! औषध कमी दिल्यानं मुलं बिघडली का? उपचार फसल्याचं प्रमाण चाचण्यांच्या गटात २.३ टक्के होतं आणि साध्या अ‍ॅपच्या गटात ४.१ टक्के. म्हणजे ते उलट कमीच झालं.

वाटत सुटणारे आपणच होतो, असं मला या आकड्यांवरून दिसतं. मी ‘आपण’ म्हणते, कारण त्या गोळ्या पुडीत बांधून देणारा हात माझाच असायचा. तापलेलं मूल, घाबरलेली आई आणि बाहेर रांग असली की गोळी दिल्यावर तिघांचंही समाधान होतं. सीआरपी कमी आलं की ‘सध्या नको, दोन दिवसांनी परत दाखवा’ असं म्हणायला कार्यकर्तीला आधार मिळतो. बरंच काम नुसत्या फोननंही झालं, उरलेलं बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबानं झालं.

विचार करणं विसरण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची आहे. म्हणून महिन्यातून एक दिवस मी वर्गात टॅब गोळा करून घेते आणि तीच मुलं कागदावर तपासायला लावते. त्या दिवशी माझ्याविषयी बाहेर व्हरांड्यात काय बोललं जातं, ते मला ठाऊक आहे.

प्रश्न : कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की बीपी सांगणारं अ‍ॅप वडिलांनी घेतलं आहे. ते रोज नॉर्मल येतं. गोळी बंद करू का विचारतात.
– एक मुलगा

उत्तर : अजिबात नाही. अशा एका खूप खपलेल्या अ‍ॅपची २०१६ मध्ये तपासणी झाली, तेव्हा ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं त्यांच्यापैकी ७७.५ टक्के लोकांना ते अ‍ॅप ‘वाढलेलं नाही’ असं सांगत होतं. वडिलांना दंडावर पट्टा बांधून मोजायचं यंत्र आणून द्या. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून मोजायचं. फोनमध्ये ते आकडे लिहून ठेवायला हरकत नाही, फोन वही म्हणून उत्तम आहे.

प्रश्न : आमच्याकडे दीर्घकाळ औषध घेणारे बरेच रुग्ण आहेत. त्यांना रोज ‘गोळी घ्या’ असा मेसेज पाठवायचा विचार आहे. उपयोग होईल का? कार्यकर्त्यांनाही असे मेसेज पाठवावेत का?
– पर्यवेक्षिका

उत्तर : रोज ‘गोळी घ्या’ असा मेसेज मला आला तर आठव्या दिवशी मी तो न वाचता पुसून टाकीन. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा एकच शब्द पाठवायचे, ‘मांबो?’ स्वाहिलीत याचा अर्थ ‘काय, कसं काय?’ गोळीचं नावही नाही. रुग्णानं ४८ तासांत ‘सावा’, म्हणजे ठीक आहे, किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे, असं उत्तर द्यायचं. अडचण आहे म्हणालेल्याला आणि गप्प राहिलेल्यालाही नर्स फोन करायची. वर्षभरानंतर औषध नीट घेणारे मेसेजवाल्या गटात ६२ टक्के होते, दुसऱ्या गटात ५० टक्के.

यातलं कळीचं काम कोणतं, ते लक्षात घ्या. गप्प राहिलेल्याला नर्स फोन करायची. तुमच्याकडे तो फोन करायला माणूस असेल तरच मेसेज सुरू करा. ‘अडचण आहे’ असं कळवून चार दिवस कुणी विचारलं नाही, तर तो रुग्ण पुढच्या वेळी ‘ठीक आहे’ असंच लिहील. आणि मेसेजमध्ये आजाराचं नाव चुकूनही नको. घरात एकच फोन असतो आणि तो सगळे वाचतात.

कार्यकर्त्यांना मात्र पाठवा. तेही केनियातच झालं. ग्रामीण भागातली १०७ आरोग्य केंद्रं घेतली आणि त्यांतल्या साधारण निम्म्या केंद्रांतल्या कार्यकर्त्यांना मलेरियाच्या उपचारांबद्दल कामाच्या दिवशी रोज दोन छोटे मेसेज, असं सहा महिने चाललं. तिथे मुलांवर योग्य उपचार होण्याचं प्रमाण शंभरामागे जवळपास २४ मुलांनी वाढलं, आणि मेसेज बंद होऊन सहा महिने झाले तरी टिकलं. मेसेजच्या शेवटी एखादं सुभाषितवजा वाक्यही असायचं. त्याचा किती वाटा होता देव जाणे, पण मला ती कल्पना आवडली.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आहे. आरोग्य कार्यकर्त्यांसाठी फोनवर चालणारं निदानाचं उपकरण बनवायचं आहे. सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थी

उत्तर : एखाद्या अडलेल्या कामापासून कर. तुला मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सांगते.

मध्य आफ्रिकेत नदीकाठच्या माश्यांमुळे होणाऱ्या अंधत्वावर आयव्हरमेक्टिन हे चांगलं औषध आहे. गावंच्या गावं एकाच वेळी ते घेतात. पण त्याच भागात लोआ लोआ नावाचा दुसरा जंत असतो. त्याची पिल्लं रक्तात फारच जास्त असतील तर हेच औषध मेंदूवर बेततं, माणूस दगावूही शकतो. म्हणजे शेकड्यातल्या दोघांच्या भीतीनं अठ्ठ्याण्णव जण औषधाविना. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाचं रक्त बघायला तंत्रज्ञ आणायचे कुठून?

कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या गटानं फोनच्या कॅमेऱ्याखाली भिंग बसवलं. खरी हुशारी पुढे आहे. जंत ओळखायला त्यांनी फोनला जंताचा आकार शिकवलाच नाही. ताज्या रक्तात जंत वळवळतो आणि वळवळताना आजूबाजूच्या पेशींना धक्के देतो. फोन काही सेकंदांचा व्हिडिओ घेऊन ते धक्के मोजतो आणि दोन-तीन मिनिटांत आकडा देतो. रक्ताला रंग द्यायला नको, वाळवायला नको. रक्त घ्यायचं मात्र दिवसा, कारण हा जंत दिवसाच रक्तात फिरतो. कॅमेरूनमध्ये १६ हजारांहून अधिक लोकांची अशी तपासणी झाली, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. धोका असलेले ३४० जण बाजूला काढले आणि ९५.५ टक्के लोकांना औषध देता आलं. मेंदूवर बेतल्याची एकही घटना घडली नाही.

त्या गटाला फोन वापरायची हौस होती म्हणून हे झालं नाही. एक प्रश्न अडलेला होता आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं होतं. तू आधी असा अडलेला प्रश्न शोध. त्यासाठी चार दिवस एखाद्या कार्यकर्तीच्या मागे नुसता हिंड, काही सुचवू नकोस. उन्हात पडदा दिसेना म्हणून ती किती वेळा पाठमोरी होते ते मोज. हातमोज्यांनी बटण दाबलं जात नाही म्हणून ती एक हातमोजा काढते, तो कोणत्या हाताचा, आणि त्याच हातानं पुढे ती काय धरते, ते लिहून ठेव. चार्जिंग किती वाजता संपतं, रेंज नसताना भरलेली नोंद संध्याकाळी खरंच जाते की हरवते, तेही बघ. मग मला पुन्हा पत्र लिही, त्या नोंदी वाचायला मला आवडेल.